तूर गेली कुठं? खेड्यातून केमिकल इंजिनिअरिंगचा मास्तर आणि संशोधक व्हायचं असेल तर

केमिकल म्हटलं की आमच्या देवळी तालुक्यात माणसाला फवारणी आठवते. मी केमिकल इंजिनिअरिंग शिकवते म्हटल्याबरोबर समोरचा विचारतो, "ताई, बोंडअळीवर काय मारू?" ते मला येत नाही, त्यासाठी अकोल्याचं कृषी विद्यापीठ आहे. कारखान्यात आत काय गेलं, बाहेर काय आलं, मधे काय घडलं, आणि हिशेब जुळला नाही तर बाकीचं कुठं गेलं, हे शोधणं म्हणजे माझा धंदा.

बारावीचा निकाल लागला की कोणी ना कोणी पोराला नाहीतर पोरीला घेऊन घरी येतंच. "प्राध्यापक व्हायचं म्हणते, शोधबी लावायचे म्हणते. काय करा लागते?" दरवेळी चहा थंड होईपर्यंत मी तेच सांगते. म्हणून यावेळी लिहून काढलं.

आधी मिल, मग कॉलेज

ॲडमिशनच्या आधी जवळच्या एखाद्या कारखान्यात जाऊन बसा. वर्धा-यवतमाळकडे दाल मिल आणि जिनिंग आहे, भंडारा-गोंदियाकडे राईस मिल आहे, कुठंही तेलाचा घाणा सापडतो. मालकाला काकाजी म्हणा, मजुरांच्या वाटेत येऊ नका आणि मोबाइलवर फोटो काढत सुटू नका. एक वही आणि एक काटा पुरतो.

मी तूरडाळीचं उदाहरण देते, कारण त्यात आमच्या विषयाचं निम्मं पुस्तक येऊन जातं. तूर आली की चाळून, गोटे-माती काढून, दाणे लहानमोठे वेगळे करतात. मग खरबरीत एमरी रोलरवरून फिरवून टरफलावर ओरखडे पाडतात. मग थोडं तेल चोळतात आणि अंगणात उन्हात पसरतात. नंतर पाणी शिंपडून ढीग झाकून ठेवतात, पुन्हा वाळवतात आणि रोलरवर टरफल काढून डाळ फोडतात. ही सगळी यातायात कशासाठी? तुरीच्या टरफलात आणि डाळीत डिंकासारखा चिकट थर असतो. हरभऱ्याचं टरफल त्यामानानं लवकर सुटतं, तुरीचं सोडतच नाही. तेल, पाणी आणि ऊन हे त्या थराची पकड सैल करायचे उपाय आहेत. मिलमधल्या बाया हे पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या. त्याला आम्ही वर्गात पदार्थाचं वहन, उष्णतेचं वहन अशी भारदस्त नावं देतो.

आता हिशेब. समजायला सोपे आकडे घेऊ. तेल आणि शिंपडलेलं पाणी सध्या बाजूला ठेवू. १०० किलो तूर आत गेली. बाहेर ७२ किलो डाळ आली, १२ किलो टरफल आलं, १० किलो चुनी, म्हणजे फुटक्या डाळीचा चुरा, आली. बेरीज ९४. काकाजींना विचारलं की बाकी ६ किलो कुठं? ते म्हणणार, "सुकली न वं बाई, उन्हात ठेवली होती तं."

इथं बहुतेक पोट्टे मान डोलावून घरी जातात. तुम्ही जाऊ नका. मूठभर नमुना कुटून ओव्हनमध्ये १०५ अंशांवर वजन कमी व्हायचं थांबेपर्यंत ठेवा आणि किती पाणी गेलं ते काढा. गावात ओव्हन नसतो. नमुने झाकणाच्या डब्यात घट्ट बंद करून तालुक्याच्या सायन्स कॉलेजात न्या, प्रयोगशाळेतले सर सहसा नाही म्हणत नाहीत. समजा तुरीत १२ टक्के पाणी निघालं, डाळीत आणि चुनीत ९, टरफलात ८. म्हणजे आत गेलेला कोरडा माल ८८ किलो. बाहेर आलेला कोरडा माल : डाळीत ६५.५२, टरफलात ११.०४, चुनीत ९.१०. बेरीज ८५.६६. म्हणजे ६ किलोंपैकी ३.६६ किलो पाणी होतं, ते खरंच सुकलं. पण २.३४ किलो कोरडा माल गायब आहे, आणि कोरडा माल उन्हात सुकत नाही. तो पंख्यातून उडाला, रोलरच्या खाली साचला, बारदान्याला चिकटला, नाहीतर कोणाच्या तरी म्हशीनं खाल्ला.

हे गणित घेऊन काकाजींकडे परत जा. आमच्या गावातल्या मिलवाल्यांना मी हे दाखवलं तेव्हा ते बराच वेळ वहीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मास्तरीण, गणित ठीक हाये, पण माही तूर गेली कुठं ते सांग." हा प्रश्न ज्याला रात्री झोपू देत नाही त्यानं या वाटेला यावं. ज्याला कंटाळा आला त्यानं खुशाल कॉम्प्युटर इंजिनिअरिंग घ्यावं, राग नाही.

आणि त्या २.३४ पेक्षा मोठी चोरी पुढे आहे. तुरीच्या दाण्यात टरफल साधारण १५ टक्क्यांच्या आतबाहेर असतं. म्हणजे डाळ ८४-८५ किलो निघायला हवी, निघाली ७२. बाकीची डाळ चुनीत आणि पुडीत गेली, कारण तो चिकट थर सुटेपर्यंत रोलर डाळही घासत राहिला. म्हैसूरच्या सीएफटीआरआय या सरकारी अन्न संशोधन संस्थेनं गरम हवेची पद्धत काढली, अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं पीकेव्ही मिनी दाल मिल काढली, ती याच भांडणातून. भांडण अजून मिटलेलं नाही. जिथं हिशेब जुळत नाही तिथं उकरायचं, एवढंच मला या करिअरबद्दल सांगायचं आहे. बाकी सगळी कागदपत्रं.

उडालेल्या पुडीची गोष्ट किती लांब जाते पाहा. १९३० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या एमआयटीमधले वॉरेन लुईस आणि एडविन गिलिलँड हे केमिकल इंजिनिअरिंगचे दोन प्राध्यापक बारीक पुडीतून हवा सोडून बघत होते. ठरावीक वेगानं हवा सोडली की पूड उडूनही जात नाही आणि खालीही बसत नाही. पातळ पदार्थासारखी हलते, नळातून वाहते. एका तेल कंपनीला कच्च्या तेलापासून पेट्रोल करण्यासाठी नेमकं हेच हवं होतं, कारण उत्प्रेरकाची, म्हणजे रासायनिक क्रियेला वेग देणाऱ्या पदार्थाची, पूड सतत एका भांड्यातून दुसऱ्यात न्यायची होती. मे १९४२ मध्ये लुइझियानातल्या बॅटन रूजला असा पहिला मोठा प्लँट सुरू झाला. आज जगातल्या बऱ्याच मोठ्या रिफायनऱ्यांमध्ये पेट्रोलचा मोठा वाटा याच तऱ्हेनं तयार होतो. खळ्यावर उफणताना आपली आजी वाऱ्याचा जो अंदाज घ्यायची, त्याच अंदाजाचा त्यांनी आकडा काढला.

शिक्षण : कुठून शिरायचं

हा भाग थोडक्यात आटोपते, कारण तो सगळीकडे मिळतो. अकरावी-बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, गणित घ्या. राज्यातल्या कॉलेजांसाठी एमएचटी-सीईटी, नागपूरच्या व्हीएनआयटीसारख्या केंद्राच्या संस्थांसाठी जेईई मेन. दहावीनंतर पॉलिटेक्निक करून थेट दुसऱ्या वर्षाला जाणं हा कमी दर्जाचा रस्ता समजू नका. डिप्लोमावाल्या पोरांच्या हाताला पान्याची सवय असते, ती पुढे प्रयोगशाळेत फार कामी येते.

विदर्भातल्या पोरांसाठी नागपूरची एलआयटी, म्हणजे लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, आहेच. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्रात नागपूर विद्यापीठाला पैसा ठेवला, त्यातून १९४२ मध्ये ही संस्था उभी राहिली. २०२३ पासून ती स्वतंत्र विद्यापीठ आहे. मुंबईची यूडीसीटी, म्हणजे आजची आयसीटी (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी), १९३३ ची. दोन्ही ठिकाणी तेल, रंग, अन्न असे धंद्याला चिकटलेले विषय शिकवले गेले. कॉलेज बघताना इमारत बघू नका, प्रयोगशाळेतल्या यंत्रावर धूळ किती आहे ते बघा.

पोरींच्या आईबापांना एक सांगते. २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क राज्य सरकार भरतं. तेव्हा "पोरीवर एवढा खर्च कशाला" हे कारण आता चालणार नाही. "होस्टेलवर कशी ठेवू" हे अजून चालतं, त्यावर मी दुसऱ्या दिवशी भांडेन.

बी.टेक.नंतर गेट ही देशपातळीवरची परीक्षा द्या, त्यात केमिकलचा वेगळा पेपर असतो. गेटवर एम.टेक.ला महिना १२,४०० रुपये मिळतात. पीएच.डी.ला जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,०००, शिवाय घरभाडं. घरी हे आकडे सांगा. शिकतोय म्हणजे बापाच्या कापसावर जगतोय असं नसतं, हे एकदा कळलं की लग्नाचा विषय निदान दोन वर्षं पुढे जातो.

नोकरीबद्दल गोड बोलणार नाही. कागदावर असिस्टंट प्रोफेसरला एम.टेक. पुरतं, पण चांगल्या संस्थेत पीएच.डी.शिवाय दारात उभं करत नाहीत. केमिकल ही शाखा मुळात मोजक्याच कॉलेजांत आहे, आणि त्यात कायम जागा निघायची वाट बघत अनेक हुशार माणसं तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं शिकवत राहतात. मीही त्यातून गेले आहे. पगार दिवाळीनंतर, तोही अर्धा, असे दिवस होते. म्हणून माझा सल्ला : बी.टेक. किंवा एम.टेक.नंतर दोन-तीन वर्षं कारखान्यात काढा. नागपूरची बुटीबोरी एमआयडीसी जवळ आहे. रात्रपाळीत पंप बंद पडला की काय होतं हे माहीत असलेला मास्तर वर्गात वेगळाच बोलतो, आणि कायम जागा लांबली तर पोटाला आधार राहतो.

गाईड निवडणं

नवऱ्यामुलाची चौकशी करतो त्याहून जास्त चौकशी गाईडची, म्हणजे पीएच.डी.च्या मार्गदर्शकाची, करा. शोधगंगा या सरकारी संकेतस्थळावर देशभरातले पीएच.डी. प्रबंध फुकट वाचायला मिळतात. त्या माणसाच्या हाताखालचे दोन-तीन प्रबंध काढा. प्रस्तावना सोडा, ऋणनिर्देशही सोडा. प्रयोगाचं प्रकरण वाचा. काय मोजलं, कशानं मोजलं, चूक किती धरली हे स्पष्ट आहे का? मग त्याचे जुने विद्यार्थी आता कुठं आहेत ते विचारा.

परंपरा कशी चालते याचं एक उदाहरण. मनमोहन शर्मा जोधपूरचे, यूडीसीटीत शिकले, केंब्रिजला डँकवर्ट्‌स यांच्याकडे पीएच.डी. केली आणि १९६४ मध्ये वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी यूडीसीटीत प्राध्यापक झाले. वायू आणि द्रव एकमेकांत मिसळताना रासायनिक क्रिया किती वेगानं होते हा त्यांचा विषय. खत, औषधं, रंग असं काहीही बनवताना हा प्रश्न येतोच. १९९० मध्ये ते रॉयल सोसायटी या ब्रिटनच्या नामवंत विज्ञानसंस्थेचे फेलो झाले. हा मान मिळालेले ते पहिले भारतीय केमिकल इंजिनिअर. त्यांच्याच हाताखाली रघुनाथ माशेलकरांनी १९६९ मध्ये पीएच.डी. केली. पुढे माशेलकर सीएसआयआर या देशभर सरकारी प्रयोगशाळा चालवणाऱ्या संस्थेचे महासंचालक असताना हळदीचं प्रकरण गाजलं. जखम भरायला हळद वापरण्यावर अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट दिलं गेलं होतं; सीएसआयआरनं जुन्या ग्रंथांचे पुरावे देऊन ते १९९७ मध्ये रद्द करायला लावलं. आपली आजी जे करत होती ते लिहिलेलं सापडलं म्हणून ते पेटंट रद्द करता आलं, हे ध्यानात ठेवा. पुढचा भाग त्याचाच आहे.

वही

शिवलेली, पानांना आकडे असलेली वही घ्या. सुटे कागद नकोत. तारीख, वेळ, हवा कशी होती, माल कोणत्या शेतातला, काट्याचा नंबर, सगळं पेननं. चुकलं तर एक रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे. पान फाडायचं नाही. "तुरीचा नमुना, साधारण ओला" असं लिहिलेलं मला चालत नाही; किती ओला? विद्यार्थ्याचं अख्खं वर्ष "साधारण" या शब्दात बुडालेलं मी पाहिलं आहे.

भारतात पेटंट आधी अर्ज करणाऱ्याला मिळतं, आधी सुचलेल्याला नाही. त्यामुळे "माझ्या वहीत तीन वर्षांपूर्वीच होतं" असं म्हणून भांडता येत नाही. पण शोधक म्हणून कोणाकोणाचं नाव घालायचं हा वाद निघाला, आणि तो निघतोच, तर वहीच बोलते. विभागप्रमुखाचं नाव प्रमुख आहे म्हणून घालायचं नसतं. कल्पनेत ज्याचा वाटा आहे त्याचंच घालायचं.

पेटंट

तीन गोष्टी लागतात : वस्तू किंवा पद्धत नवी हवी, त्या क्षेत्रातल्या जाणकाराला सहज सुचण्यासारखी नको, आणि उद्योगात वापरता यायला हवी. शेती करण्याच्या पद्धतीवर भारतात पेटंट मिळत नाही. पारंपरिक ज्ञानावरही नाही. दोन गोष्टी नुसत्या एकत्र कालवल्या आणि दोघींचे गुण जसेच्या तसे बेरजेत आले, तर तेही नाही. म्हणून तुरीला तेल चोळण्यावर पेटंट मागायला जाल तर अधिकारी हसेल. पण तो चिकट थर कमी पाण्यात, कमी वेळात सोडवणारी नवी प्रक्रिया आणि तिचं यंत्र, असं काही केलंत तर बोलणी होऊ शकतात.

आधी शोधा. भारतीय पेटंट कार्यालयाचं शोधायचं संकेतस्थळ फुकट आहे, युरोपचं एस्पेसनेट फुकट आहे, गूगल पेटंट्‌स आहे. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये बौद्धिक संपदा व्यवस्थापनाची राजीव गांधी राष्ट्रीय संस्थाच आहे, तिथं प्रशिक्षण चालतं. गावापासून एसटीच्या अंतरावर एवढी सोय देशात फार कमी जणांना आहे. आपली कल्पना कोणीतरी आधीच केलेली सापडली तर वाईट वाटून घेऊ नका. त्याचं पेटंट पूर्ण वाचा, त्यानं काय सोडलंय ते सापडतं.

मग तोंड बंद. अर्ज करण्यापूर्वी कृषी प्रदर्शनात स्टॉल लावला, पेपर छापला, व्हॉट्‌सॲपवर व्हिडिओ टाकला, की नवेपणा गेला. कायद्यात ठरावीक प्रदर्शनं आणि विद्वत्सभांसाठी बारा महिन्यांची सवलत आहे, पण तिच्या भरवशावर राहू नका, परदेशात ती बहुतेक ठिकाणी चालत नाही. क्रम असा ठेवा : तात्पुरता अर्ज, मग पेपर, मग सत्कार.

तात्पुरत्या अर्जात कल्पना नीट मांडली की तारीख पक्की होते. संपूर्ण वर्णन १२ महिन्यांत द्यायचं. चुकलं तर अर्ज गेला. एकट्या माणसाला, स्टार्टअपला किंवा शिक्षणसंस्थेला ऑनलाइन अर्जाची फी १,६०० रुपये आहे, मोठ्या कंपनीला ८,०००. शिक्षणसंस्थांना ही सवलत २०२१ मध्ये मिळाली. अठरा महिन्यांनी अर्ज आपोआप प्रसिद्ध होतो. तपासणी मात्र आपोआप होत नाही. तिच्यासाठी वेगळा अर्ज लागतो, सवलतीत ४,००० रुपये, आणि २०२४ च्या नियमांनुसार तो ३१ महिन्यांच्या आत करावा लागतो. मग आक्षेप येतात. येणारच, रडू नका, मुद्देसूद उत्तर द्या. पेटंट मिळालं तर अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं.

"प्रसिद्ध झालं" आणि "मिळालं" यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. प्रसिद्ध झाल्याचा कागद फ्रेम करून केबिनमध्ये लावणारे आणि "माझी अकरा पेटंट्‌स" म्हणणारे बरेच भेटतील. काही तर पैसे भरून दुसऱ्याच्या अर्जात आपलं नाव घालून घेतात, बढतीच्या गुणांसाठी. त्यांना नमस्कार करा आणि पुढे चला. विचारायचंच असेल तर एक विचारा : हे कोणत्या कारखान्यात चालू आहे?

दावे, म्हणजे नेमका कशावर हक्क मागतो ती वाक्यं, लिहिणं हे पेटंटचं काळीज. "तुरीवर प्रक्रिया करण्याची पद्धत" इतकं ढोबळ लिहिलं तर जुनं म्हणून फेटाळतात. "४२ अंशांवर ३५ मिनिटं" इतकं नेमकं लिहिलं तर शेजारचा ४५ अंशांवर करून तुम्हाला वाकुल्या दाखवतो. मधला पट्टा तुमच्या वहीतल्या आकड्यांवरून ठरतो. कोणत्या तापमानापासून फरक पडायला लागला आणि कुठं थांबला, हे दोन्हीकडून मोजलेलं असेल तरच तो पट्टा टिकतो. यासाठी पेटंट एजंट घ्या, पण मसुदा स्वतः वाचा. एजंटला कायदा कळतो, तूर कळत नाही.

काकाजींचा वाटा

नोकरीत असताना केलेल्या शोधाचा मालक बहुतेकदा कॉलेज असतं. रुजू होतानाच संस्थेचं बौद्धिक संपदा धोरण मागून घ्या. रॉयल्टीत शोधकाला किती, हे त्यात लिहिलेलं असतं. धोरणच नसेल तर लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

आणि ज्याच्या मिलमध्ये तुम्ही मोजमाप केलं, ज्यानं सीझनमध्ये रोलर थांबवून दिला, त्याचं काय? बोलून चालत नाही, गावात बोललेलं दोन वर्षांनी दोघांना वेगवेगळं आठवतं. काम सुरू करण्यापूर्वी पाचशेच्या स्टँपपेपरवर मराठीत चार कलमं लिहा. मिलमधले आकडे बाहेर सांगायचे नाहीत. प्रयोगात माल खराब झाला तर भरपाई कोण देणार. अर्ज होईपर्यंत काकाजींनीही दुसऱ्या मिलवाल्याला काही दाखवायचं नाही. आणि शोध लागलाच तर ती पद्धत त्यांच्या मिलमध्ये कायम विनामोबदला वापरता येईल. या शेवटच्या कलमाला कॉलेजची लेखी संमती लागते, कारण मालक कॉलेज आहे. ती आधी घ्या, मगच सही करा. दोन साक्षीदार, त्यातला एक काकाजींच्या घरचा असावा, शक्यतो त्यांची बायको. मिलच्या चाव्या आणि जुन्या पावत्या तिच्याकडेच असतात.